एव्हरेस्टचं ओझं कुणाच्या पाठीवर?

‘कारण ते तिथे आहे.’

एव्हरेस्ट कशासाठी चढायचं, या प्रश्नाचं हे उत्तर तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. टी-शर्टवर, इन्स्टाच्या बायोमध्ये, नाहीतर एखाद्या प्रेरणादायी भाषणात. १८ मार्च १९२३च्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये ते जॉर्ज मॅलरी या इंग्रज गिर्यारोहकाच्या तोंडी छापून आलं, आणि तेव्हापासून ते गिर्यारोहणाचं जणू बोधवाक्यच झालं.

पण मॅलरी त्या वेळी न्यू यॉर्कला काय करत होता, हे सहसा कुणी सांगत नाही. तो पैसे मिळवायला गेला होता. तिकीट लावून व्याख्यानं द्यायची, एव्हरेस्टच्या गोष्टी सांगायच्या, असा दौरा होता. दौरा फारसा चाललाही नाही. म्हणजे गिर्यारोहणातलं सगळ्यात निरपेक्ष वाटणारं वाक्य निधी जमवण्याच्या दौऱ्यात जगासमोर आलं.

एव्हरेस्टची गोष्ट आपल्याला साधारण अशी सांगितली जाते: पूर्वी वेड होतं, साहस होतं, मग पैसा आला आणि सगळं बिघडलं. रांगा लागल्या, कचरा साठला, माणसं मेली. ही गोष्ट सोयीची आहे, पण अर्धवट आहे. पैसा पहिल्या दिवसापासून तिथे होता. बदललं ते एवढंच, की आधी शिखर साम्राज्याच्या नावाने विकलं जात होतं, नंतर देशांच्या आणि आता व्यक्तींच्या. आणि या शंभर वर्षांत एक गोष्ट अजिबात बदलली नाही. पैशाने डोंगरावरचा धोका फारसा कमी होत नाही. तो एकाच्या पाठीवरून उतरवून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला जातो.

सात जण

७ जून १९२२. तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर जाणारी ब्रिटिशांची मोहीम शेवटच्या प्रयत्नात होती. मोसमी पावसाची चाहूल लागलेली, ताजा हिम पडलेला. नॉर्थ कोल नावाच्या खिंडीकडे जाणाऱ्या उतारावर मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड हे तीन इंग्रज चौदा भारवाहकांना घेऊन निघाले. दुपारी उतार सुटला. पुढे असलेले इंग्रज थोडक्यात वाचले. मागच्या दोरांवरचे नऊ भारवाहक बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले. दोघांना जिवंत बाहेर काढता आलं. सात गेले.

एव्हरेस्टच्या चढाईवर नोंद झालेले हे पहिले मृत्यू. मॅलरीने स्वतःला दोष दिला. आपल्यातला एकही गोरा माणूस का मेला नाही, या विचाराने सॉमरवेलला शरम वाटली, आणि ती त्याने लिहूनही ठेवली. हा सॉमरवेल डॉक्टर होता. पुढे त्याने इंग्लंडमधली कारकीर्द सोडून त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात आयुष्याची कित्येक वर्षं काढली. त्याची शरम खरी होती. मोहिमा मात्र थांबल्या नाहीत.

मोहिमा थांबत नव्हत्या, कारण त्यांत पैसाही गुंतत चालला होता. १९२४च्या मोहिमेचे चित्रपट आणि छायाचित्रांचे हक्क कॅप्टन जॉन नोएल याने ८,००० पौंडांना विकत घेतले. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. त्याच मोहिमेत मॅलरी आणि अर्विन ८ जूनला वर गेले आणि परतले नाहीत. शिखर सर झाल्याचं चित्रण नोएलकडे नव्हतं. मग चित्रपटाला गर्दी खेचायची कशी? त्याने तिबेटी भिक्षूंना इंग्लंडला आणून चित्रपटगृहाच्या मंचावर धार्मिक नृत्यं करायला लावली. ल्हासाला हे कळलं तेव्हा तिथले राज्यकर्ते संतापले. पुढची परवानगी मिळून मोहीम निघायला १९३३ उजाडलं.

एव्हरेस्टच्या ‘कंटेंट’ने केलेलं हे पहिलं मोठं नुकसान. इन्स्टाग्राम यायला तेव्हा शहाऐंशी वर्षं अवकाश होता.

शेर्पा म्हणजे हुद्दा नव्हे

आज ‘शेर्पा’ हा शब्द एखाद्या पदासारखा वापरला जातो. जी-२० परिषदेतल्या वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शेर्पा म्हणतात. मुळात हे लोकांचं नाव आहे. शर म्हणजे पूर्व, पा म्हणजे लोक. काही शतकांपूर्वी पूर्व तिबेटातून येऊन खुंबूच्या खोऱ्यात स्थायिक झालेले. बटाट्याची शेती, याक आणि तिबेटशी व्यापार यांवर ते जगत. शिखरं चढण्याची त्यांची परंपरा नव्हती. शिखर म्हणजे देवतेचं स्थान, तिच्या डोक्यावर पाय कशाला ठेवायचा? आजही बेस कॅम्पवर चढाईच्या आधी पूजा होते आणि डोंगराची क्षमा मागितली जाते.

शेर्पांमध्ये मुलाचं नाव बरेचदा जन्मवारावरून ठेवतात. सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारचा पासांग. त्यामुळे जुन्या मोहिमांच्या यादीत तीच तीच नावं भेटतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही सगळी एकच माणसं. इंग्रज नावं आडनावांसकट, पदव्यांसकट लक्षात राहतात. पासांग मात्र कुठला पासांग, हे विसरायला सोपं जातं.

गिर्यारोहणाकडे त्यांना खेचलं ते दार्जिलिंगमधल्या मजुरीने. मजुरीसाठी तिथे गेलेल्या शेर्पांना ब्रिटिशांनी भारवाहक म्हणून घ्यायला सुरुवात केली. १९३५ साली एरिक शिप्टनने निवडीच्या रांगेतून एका विशीतल्या पोराला उचललं. त्याचं हसू त्याला आवडलं होतं. त्या पोराचं नाव तेनझिंग. पुढे १९२८ साली स्थापन झालेल्या आणि आज मुंबईतून चालणाऱ्या हिमालयन क्लबने उत्तम शेर्पांना ‘टायगर’ हा किताब द्यायला सुरुवात केली. किताब मिळाला की मजुरीही वाढायची. कौशल्याची कदर होऊ लागली, पण चौकट मालक आणि मजूर यांचीच राहिली.

ही चौकट किती पक्की होती, हे १९५३च्या यशस्वी मोहिमेतच दिसतं. मोहीम काठमांडूला जमली तेव्हा ब्रिटिश सदस्यांची सोय वकिलातीत झाली. तेनझिंगलाही खोली देऊ केली. बाकीच्या शेर्पांना जागा मिळाली ती वकिलातीच्या गॅरेजमध्ये, तीही स्वच्छतागृहाशिवाय. सकाळी त्यांनी गॅरेजसमोरच्या रस्त्यावर लघवी करून आपला निषेध नोंदवला. २९ मे रोजी हिलरी आणि तेनझिंग शिखरावर पोचले. मोहिमेसोबत ‘टाइम्स’चा बातमीदार होता, कारण बातमीचे हक्क ‘टाइम्स’कडे होते. सांकेतिक भाषेत पाठवलेला निरोप २ जूनला, राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशीच लंडनमध्ये छापून आला.

बर्फाचा जिना

नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टवर जायचं तर बेस कॅम्पच्या वरच खुंबू आइसफॉल लागतो. हिमनदी इथे तीव्र उतारावरून खाली घसरते आणि तुटते. इमारतीएवढे बर्फाचे सुळके, त्यांच्यामध्ये तळ न दिसणाऱ्या भेगा. हा सगळा पसारा दिवसाला सुमारे एक मीटर सरकतो. सकाळी ज्या सुळक्याच्या बाजूने गेलात, तो दुपारी असेलच असं नाही. भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकून, दोर बांधून वाट तयार करावी लागते, आणि बर्फ हलला की ती पुन्हा दुरुस्त करावी लागते. हे काम करणाऱ्या शेर्पांच्या पथकाला आता ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणतात.

या टप्प्यात अनुभव कामाला येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. वरून सुळका कोसळला तर तुम्ही जगातले सर्वोत्तम गिर्यारोहक आहात की पहिल्यांदा क्रॅम्पॉन बांधलेले नवखे, याने काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त किती वेळा त्याखालून गेलात याने. हे साधं गणित आहे, आणि एव्हरेस्टचा सगळा व्यापार याच गणिताभोवती फिरतो.

५ एप्रिल १९७० रोजी इथेच एका जपानी मोहिमेचे सहा शेर्पा बर्फ कोसळून मेले. मोहीम कशासाठी होती? युइचिरो मिउरा या स्कीपटूला एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून स्कीवर घसरत खाली यायचं होतं. तो आला, पडला, वाचला. त्यावरच्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळालं. चित्रपटाच्या नावात एकच माणूस आहे, स्कीवरून उतरणारा.

चेकवर सही

३० एप्रिल १९८५ हा दिवस या इतिहासात महत्त्वाचा आहे. टेक्ससच्या तेलाच्या पैशातून मोठा झालेला, अमेरिकेत स्की रिसॉर्टचा मालक असलेला डिक बास त्या दिवशी एव्हरेस्टवर पोचला. वय ५५. सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं गाठणारा तो पहिला माणूस. सोबत डेव्हिड ब्रेशियर्स हा कसलेला गिर्यारोहक वाटाड्या म्हणून होता.

बास कमकुवत नव्हता, पण व्यावसायिक गिर्यारोहकही नव्हता. त्याच्यासारख्या जगभरच्या श्रीमंत, धडधाकट, मध्यमवयीन माणसांना एक नवी शक्यता दिसली. डोंगरात वीस वर्षं न घालवताही हे जमू शकतं.

मागणी होती, पुरवठा लगेच आला. न्यूझीलंडचे रॉब हॉल आणि गॅरी बॉल यांनी १९९२ साली सहा ग्राहकांना शिखरावर नेऊन सुखरूप खाली आणलं. ‘ग्राहक’ हा शब्द या डोंगरावर आता अधिकृत झाला. १९९६ पर्यंत एका माणसाचा दर ६५,००० डॉलरपर्यंत गेला होता. त्या वेळच्या हिशेबाने तेवीस लाख रुपयांच्या आसपास.

ग्राहकाला या पैशात काय मिळत होतं? परवाना, तंबू, जेवण, ऑक्सिजन, बांधलेले दोर, वाटाड्या. म्हणजेच डोंगरावरची जवळपास सगळी कामं दुसऱ्याने करून ठेवलेली. एक गोष्ट मात्र विकत घेता येत नव्हती, ती म्हणजे हवा.

शिखराची उंची ८,८४९ मीटर. पाच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तिथवर पोचत नाहीत. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण आपल्या अंगणातल्या इतकंच, सुमारे २१ टक्के असतं. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशच उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. ८,००० मीटरच्या वर शरीर कितीही सरावलं तरी झीज भरून काढू शकत नाही. फुप्फुसांत पाणी साठतं, मेंदूला सूज येते. आणि मेंदूच सुजल्यामुळे आपलं काहीतरी चुकतंय हे कळेनासं होतं. ऑक्सिजनची बाटली हा धोका पुढे ढकलते, संपवत नाही. बाटली रिकामी झाली की डोंगर एकदम आपल्या खऱ्या उंचीला परत येतो.

१० मे १९९६ रोजी हेच झालं. दोन व्यावसायिक कंपन्यांचे गट एकाच दिवशी वर निघाले. काही ठिकाणी दोर बांधलेले नव्हते. माणसं वाट बघत थांबली. दुपारी दोनला, असाल तिथून मागे फिरायचं, हा नियम पाळला गेला नाही. रॉब हॉलने टपाल खात्यात काम करणाऱ्या डग हॅन्सन या ग्राहकाला आदल्या वर्षी शिखराजवळून परत फिरवलं होतं. या वेळी हॅन्सन चारच्या सुमारास वर पोचला आणि हॉल त्याच्यासाठी थांबला. मग वादळ आलं. दोघेही परतले नाहीत. दुसऱ्या गटाचा प्रमुख स्कॉट फिशरही गेला. दोन दिवसांत दोन्ही बाजू मिळून आठ मृत्यू. त्यांतले तिघे तिबेटच्या बाजूने गेलेले भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे जवान होते.

या घटनेवर जॉन क्राकाउरचं पुस्तक जगभर खपलं, चित्रपट झाले. हॉलने उपग्रह फोनवरून गरोदर पत्नीशी केलेलं शेवटचं बोलणं सगळ्यांना ठाऊक आहे. पण ११ मे रोजी त्या वाऱ्यात आंग दोर्जे आणि ल्हाक्पा छिरी हे दोन शेर्पा हॉलला आणायला वर गेले होते. वारा इतका होता की काही अंतरावरून त्यांना मागे फिरावं लागलं. आदल्या दिवसाच्या श्रमाने तेही थकलेले होते. दरपत्रकात असली कामं नसतात.

इतक्या जगजाहीर दुर्घटनेनंतर धंदा बसायला हवा होता. तो वाढला. बातम्या आणि पुस्तकांनी लाखो लोकांना दोन गोष्टी एकदम सांगितल्या: हे जीवघेणं आहे, आणि हे विकत मिळतं.

रांगेतले आपण

२२ मे २०१९ रोजी निर्मल पुर्जा या नेपाळी गिर्यारोहकाने काढलेला फोटो तुमच्या फोनवरही येऊन गेला असेल. शिखराखालच्या अरुंद धारेवर रंगीबेरंगी जाकिटांतली माणसं एकामागे एक, चिकटून उभी. त्या वसंतात नेपाळने परदेशी गिर्यारोहकांना ३८१ परवाने दिले होते आणि चांगल्या हवेचे दिवस थोडेच मिळाले. सगळे एकदम निघाले.

रांगेत उभं राहणं आठ हजार मीटरवर किती महाग पडतं, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. ऑक्सिजनची नेहमीची चार लिटरची बाटली मिनिटाला दोन लिटरने चालवली तर फार तर दहा तास पुरते. चार लिटरने चालवली तर पाच. तुम्ही चालत असा की पुढचा माणूस हलण्याची वाट बघत असा, ऑक्सिजन तेवढाच संपतो. त्या मोसमात एव्हरेस्टवर ११ जण गेले. चार भारतीय होते, त्यांतले दोघे महाराष्ट्रातले. ते शिखर गाठून उतरत होते.

महाराष्ट्राचं एव्हरेस्टशी नातं जुनं आणि अभिमानाचं आहे. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने शिखरावर पोचले. २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत वर गेले. सह्याद्रीत कित्येक वर्षं घाम गाळलेली ती माणसं होती, आणि मोहिमेसाठी अनेक लोकांनी पैसे दिले होते. संस्था, सराव, गटाची जबाबदारी, हा एक मार्ग.

दुसरा मार्ग कर्ज काढण्याचा आहे. भारतात एव्हरेस्टच्या प्रमाणपत्राला वेगळी किंमत आहे: सत्कार, चौकातला फ्लेक्स, सरकारी बक्षीस, बढती, नंतर शाळा-कॉलेजांत भाषणं. पश्चिमेतला ग्राहक बहुधा साठवलेले पैसे खर्च करून येतो. आपल्याकडचा पुष्कळदा गावाची आशा आणि घरावरचं कर्ज घेऊन येतो. मग दोन वाजता मागे फिरायचा निर्णय त्याच्यासाठी फक्त हवामानाचा राहत नाही. शेर्पा म्हणतो, चला, परत जाऊ. त्याच्या डोळ्यांसमोर मात्र हप्ते आणि पुरस्कर्त्यांचे झेंडे असतात. पुण्यातल्या पोलिस दलातल्या एका दांपत्याने २०१६ साली केलेला शिखराचा दावा खोटा ठरला. फोटोत फेरफार केले होते. नेपाळने त्यांची प्रमाणपत्रं रद्द करून दहा वर्षांची बंदी घातली. प्रमाणपत्राची किंमत इतकी वाढली की कुणी जीव पणाला लावतो आणि कुणी फोटोशॉप उघडतो.

१८ एप्रिल २०१४

त्या दिवशी सकाळी पावणेसातच्या सुमारास खुंबू आइसफॉलवर पश्चिमेच्या कड्यावरून बर्फाचा प्रचंड भाग सुटला. खाली वाटेवर ओझी घेऊन निघालेली माणसं होती. तंबू, दोर, गॅस, ऑक्सिजन, जेवण. ग्राहकांच्या वरच्या कॅम्पची तयारी. १६ जण मेले. सगळे नेपाळी, सगळे पगारी. ग्राहक तेव्हा खाली होते.

१९२२शी तुलना करून बघा. तेव्हा निदान मालकही त्याच उतारावर होते. ब्याण्णव वर्षांनी व्यवस्था इतकी सुधारली होती, की ग्राहक एका मोसमात आइसफॉलमधून मोजक्याच वेळा जातो. विरळ हवेचा सराव तो शेजारच्या कमी धोक्याच्या शिखरावर करून येतो. तेवढ्यात त्याचं सामान वाहणाऱ्याच्या मात्र डझनावारी खेपा होतात. ग्राहकाची जोखीम खरोखर कमी झाली. जेवढी कमी झाली, त्यातली बरीचशी दुसऱ्याच्या वाट्याला गेली.

नेपाळ सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले; सुमारे ४०० डॉलर. त्या वेळी एका परदेशी गिर्यारोहकाच्या परवान्यातून सरकारला त्याच्या पंचवीस पटीच्या आसपास मिळत होतं. बेस कॅम्पवर शेर्पा एकत्र आले. त्यांनी भरपाई, विमा आणि सन्मान मागितला आणि या मोसमात आम्ही चढणार नाही असं सांगितलं. काही ग्राहकांना हा विश्वासघात वाटला. त्यांचे पैसे भरलेले होते. मोसम बंद पडला. विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. पुढच्या वर्षी आइसफॉलमधली वाट त्या कड्यापासून दूर, मधोमध नेली गेली. आणि २५ एप्रिल २०१५च्या भूकंपाने बेस कॅम्पवरच हिमलोट आणला. त्या वर्षी एव्हरेस्टच्या शिखरावर कुणीच पोचलं नाही.

मग शेर्पा हे काम सोडत का नाहीत? मोसमात मिळणारे साधारण पाच हजार डॉलर हे याचं उत्तर आहे. खुंबूमध्ये त्यातून मुलांची शाळा होते, घरावर पत्रा येतो, लॉज उभा राहतो. एकवीस वेळा एव्हरेस्ट चढलेले आपा शेर्पा २००६ साली मुलांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. मुलांनी डोंगरावर जाऊ नये, हीच डोंगरावरच्या कित्येक बापांची कमाई.

मालक बदलले, गणित तेच

गेल्या दहा-बारा वर्षांत एक मोठा बदल झाला आहे. व्यवसायाची सूत्रं नेपाळी कंपन्यांकडे आली. परदेशी कंपन्यांसाठी ओझी वाहणाऱ्यांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. १६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी गिर्यारोहक हिवाळ्यातला के-टू प्रथमच सर करायला शिखराजवळ एकमेकांसाठी थांबले आणि राष्ट्रगीत म्हणत एकत्र वर गेले. शंभर वर्षं दुसऱ्यांच्या फोटोत कडेला उभ्या राहिलेल्यांचा तो फोटो होता. कामी रिता शेर्पांनी २०२५च्या मे महिन्यात ३१व्यांदा एव्हरेस्ट गाठलं.

हा न्याय झाला, पण अर्धाच. नेपाळी कंपन्या आल्या तसे दर उतरले, दर उतरले तशी नवखी गर्दी वाढली. २०२३ साली नेपाळने ४७८ परवाने दिले, तोवरचा विक्रम. त्या मोसमात १८ जण गेले. त्यांतले तीन शेर्पा मोसमाच्या सुरुवातीलाच आइसफॉलमध्ये. त्याच वर्षी २७ जुलैला के-टूवर मुहम्मद हसन हा पाकिस्तानी भारवाहक अरुंद वाटेवर पडून तिथेच मेला, आणि शिखराकडे जाणारी कित्येक माणसं त्याला ओलांडून पुढे गेली. ड्रोनने ते टिपलं. खाली आल्यावर काहींनी शिखराचा आनंदही साजरा केला. तिथे मालक कुठल्या देशाचा होता याला अर्थ नव्हता. सगळ्यात खालच्या पायरीवर कोण होतं, एवढाच प्रश्न होता.

२०२५ साली चार ब्रिटिश गिर्यारोहक चढाईआधी झेनॉन वायू हुंगून, घरीच विरळ हवेच्या तंबूत झोपून आले आणि आठवड्याच्या आत एव्हरेस्ट करून लंडनला परतले. झेनॉनने खरंच किती फायदा झाला, यावर डॉक्टरांत वाद आहे. पण त्यांच्यासाठी वरचे तंबू, दोर आणि बाटल्या आठवड्यात पोचल्या नव्हत्या. ती माणसं नेहमीप्रमाणे कित्येक आठवडे आधीपासून खेपा घालत होती.

चांगलंही घडतं आहे. आइसफॉलवरून शिड्या, दोर आणि कचरा नेण्यासाठी ड्रोन वापरायला सुरुवात झाली आहे. जी खेप ड्रोन करतो, त्या खेपेत कुणी सुळक्याखालून जात नाही. या शंभर वर्षांत जोखीम कुणाच्या तरी पाठीवर न ढकलता खरोखर कमी करणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी झाल्या, त्यांतली ही एक. त्यातून मजुरी बुडू नये, ही काळजी मात्र घ्यावी लागेल. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली परवान्यांवर मर्यादा घालायला सांगितलं. सप्टेंबर २०२५ पासून परवान्याची फी ११,००० वरून १५,००० डॉलर झाली. फी वाढल्याने गर्दी हटेल, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. जो पन्नास हजार डॉलर खर्च करतो, तो आणखी चार हजारांसाठी अडणार नाही. एव्हरेस्टआधी ७,००० मीटरचं एखादं शिखर चढलेलं असावं, अशी अट आणण्याचा प्रस्ताव जास्त कामाचा आहे, कारण ती अट पैशाने पूर्ण होत नाही.

काठमांडूत एलिझाबेथ हॉली नावाच्या अमेरिकन पत्रकार होत्या. स्वतः कधीही शिखर न चढता त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं हिमालयातल्या मोहिमांची नोंद ठेवली. मोहीम हॉटेलात उतरली की यांची जुनी फोक्सवॅगन दारात हजर. त्यांच्या नोंदींतून उभ्या राहिलेल्या ‘हिमालयन डेटाबेस’मध्ये सदस्यांसोबत पगारी माणसांचीही नोंद आहे. एव्हरेस्टवर आजवर गेलेल्या तीनशेहून अधिक माणसांत शंभराहून अधिक जण असे पगारी होते.

म्हणून पुढच्या मे महिन्यात तुमच्या फीडवर शिखरावरचा तिरंगा आला, तर लाइक जरूर करा. तिथे पोचायला जिद्द लागतेच. फक्त एक गोष्ट बघा. कॅप्शनमध्ये सोबतच्या शेर्पाचं नाव आहे का, की नुसतंच ‘माय शेर्पा’ लिहिलंय? आणि तुमच्या ओळखीतलं कुणी एव्हरेस्टला निघालं असेल, तर दराबरोबर आणखी तीन गोष्टी कंपनीला विचारायला सांगा: शेर्पांचा विमा किती, खेपेमागे पगार किती, आणि एका माणसाला मोसमात किती वेळा आइसफॉलमधून पाठवता. दरपत्रकात ही उत्तरं नसतात. ग्राहक विचारू लागले, तर यायला लागतील.